कीटकभक्षी झाडं घरी सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या झाडांबद्दल पहिला प्रश्न हमखास ‘हे खातं काय?’ असाच येतो. खरं तर तो बराच नंतर यायला हवा. उपासमारीनं मेलेलं कीटकभक्षी झाड मी आजवर पाहिलेलं नाही. गेली ती सगळी नळाच्या पाण्यानं, खतानं, अंधारानं, नाहीतर मालकाच्या अति लाडानं. म्हणून इथं क्रम मुद्दाम बदलला आहे: आधी पाणी, माती आणि ऊन, आणि खाणं बरंच खाली.

ही झाडं कीटक खाऊनच जगतात का?

नाही. इतर कुठल्याही हिरव्या झाडासारखी ती उन्हावर जगतात, स्वतःची साखर पानांत स्वतः बनवतात. कीटकांतून त्यांना मिळतं ते नत्र आणि स्फुरद. ही झाडं दलदलीत, ओल्या रेताड जमिनीत, पावसानं धुऊन निघालेल्या सड्यांवर वाढतात. तिथल्या मातीत पोषण जवळपास नसतंच. मुळांना जे मिळत नाही, ते पानांनी हवेतून धरायचं, असा हा व्यवहार आहे.

चार्ल्स डार्विननं १८७५ साली या वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात नसलेला पुरावा त्याचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७८ मध्ये दिला. त्यानं दवबिंदूच्या, म्हणजे पानांवर दवासारखे चिकट थेंब असणाऱ्या ड्रॉसेराच्या, काही रोपांना मांसाचे बारीक कण भरवले आणि काहींना उपाशी ठेवलं. उपाशी रोपं मेली नाहीत, पण खाल्लेल्या रोपांना बिया कितीतरी जास्त आल्या. घरी झाड सांभाळताना यातलं एवढंच लक्षात ठेवायचं की कीटक ही त्यांची वरकमाई आहे. रोजचं पोट उन्हावर भरतं.

आणि याचीच दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. हजारो पिढ्या निकस जमिनीत काढल्यामुळे या झाडांच्या मुळांना क्षार आणि खत सोसत नाही. पुढच्या निम्म्या उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

पहिलं झाड कोणतं घ्यावं?

बहुतेक जण व्हीनस फ्लायट्रॅप घेतात, कारण तो हलतो: कीटक आत आला की पानांचे सापळे झटकन मिटतात. माझं मत विचाराल तर पहिलं झाड केप दवबिंदू घ्यावं. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा कॅपेन्सिस, मूळ दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. त्याला हिवाळी झोप लागत नाही, ऊन थोडं कमी-जास्त झालेलं चालतं, वरून वाळलं तरी मुळांपासून पुन्हा फुटतं. माशी चिकटल्यावर त्याचं लांबट पान तिच्याभोवती हळूहळू गुंडाळत जातं. ते पाहायला अर्धा तास बसायची तयारी असेल तर फ्लायट्रॅपइतकीच मजा येते.

दुसरा सोपा पर्याय म्हणजे घटपर्णीचा (पानांच्या टोकाला घट लागणाऱ्या नेपेंथिसचा) ‘व्हेन्ट्राटा’ हा संकर. टांगत्या कुंडीत छान वाढतो आणि घरातली हवा बऱ्यापैकी सोसतो. मेक्सिकोतली चिकट पानांची पिंग्विक्युला खिडकीत राहते, फुलं सुंदर देते, आणि कुंड्यांभोवती घोंगावणारी बारीक काळी चिलटं पानांवर टिपते. सारासेनिया, म्हणजे उभ्या तुतारीसारखे घट असणारं उत्तर अमेरिकेतलं झाड, सोपंच आहे. फक्त त्याला भरपूर ऊन आणि खरी थंडी हवी.

युट्रिक्युलेरियाकडे कुणी फारसं बघत नाही. निळ्या-जांभळ्या फुलांच्या ज्या रानफुलाला मराठीत सीतेची आसवं म्हणतात, ते याच कुळातलं. याचे सापळे मातीखाली, टाचणीच्या टोकाएवढे, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात. दिसत काहीच नाही. ज्याला नुसत्या कल्पनेचा आनंद पुरतो, त्यानं हे जरूर लावावं. यातली सँडरसनी ही जात तर सशाच्या तोंडासारख्या इवल्या फुलांनी वर्षाचा बराच काळ बहरलेली असते.

सेफॅलोटस (ऑस्ट्रेलियातलं छोट्या घटांचं झाड) आणि उंच डोंगरांवरच्या घटपर्णी मात्र पहिल्या वर्षी नकोत. फोटो कितीही मोहात पाडोत.

नळाचं पाणी चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला टीडीएस मीटर मिळतो, पेनासारखा छोटा. या छंदात पैसे घालायचे तर सगळ्यात आधी त्यात घाला. आकडा ५० पीपीएमच्या खाली असेल तर निर्धास्त वापरा. ५० ते १०० मध्ये अडीअडचणीला चालतं. त्यावर गेलं की झाड मरायला सुरुवात होते, फक्त ते लगेच दिसत नाही.

हे ‘लगेच न दिसणं’ घातक आहे. ताटलीतलं पाणी मातीत चढतं, वरून उडून जातं, आणि क्षार मागे राहतात. तुम्ही पुन्हा पाणी घालता, पुन्हा थोडे क्षार साचतात. पाण्यात क्षार थोडेच असले तरी तीन-चार महिन्यांत मातीत ते कितीतरी पट होतात. मग मुळं करपतात, आणि आपण म्हणतो, ‘कालपर्यंत तर छान होतं!’

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. पहिल्या सरीचं सोडून द्या, त्यात छपरावरची धूळ उतरते. डिस्टिल्ड पाणी चालतं. आरओ यंत्राचं पाणीही चालतं, पण मोजून. घरच्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळायची सोय असते. माझा पहिला फ्लायट्रॅप मी याच भरवशावर घालवला. ‘आरओचं आहे, म्हणजे शुद्धच’ असं धरून सहा महिने तेच घातलं. मीटर आणला तेव्हा आकडा शंभराच्या वर निघाला, आणि तोवर कुंडीत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उकळून गार केलेलं? बाटलीबंद? एसीतून ठिबकणारं?

उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट थोडं पाणी वाफ होऊन गेल्यामुळे उरलेलं अधिकच दाट होतं. बाटलीबंद मिनरल वॉटरमध्ये नावाप्रमाणेच मिनरल असतात, त्यामुळे नको. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातलं तर अजिबात नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ गार होऊन पडलेलं पाणी, त्यामुळे टीडीएस बहुधा कमीच असतो. मात्र ते यंत्रातल्या धातूच्या नळ्यांवरून आणि धुळीवरून येतं. दुसरा उपाय नसेल तेव्हा मोजून वापरा, रोजची सवय नको.

चुकून दोन-चार वेळा नळाचं पाणी घातलं गेलं. आता?

घाबरू नका. तहानलेल्या झाडाला एक-दोनदा खारं पाणी मिळणं हे वाळून मरण्यापेक्षा बरं. नंतर शुद्ध पाणी वरून सावकाश ओता, कुंडीखालून भरपूर निथळू द्या आणि ते निथळलेलं पाणी फेकून द्या. असं तीन-चारदा केलं की बरेचसे क्षार वाहून जातात.

पाणी किती आणि कसं घालायचं?

फ्लायट्रॅप, सारासेनिया आणि बहुतेक दवबिंदू दलदलीतले. कुंडी ताटलीत ठेवायची आणि ताटलीत एक-दोन सेंटिमीटर पाणी ठेवायचं. सारासेनियाला उन्हाळ्यात त्याहून जास्त चालतं. ताटलीतलं पाणी संपल्यावर एखादा दिवस जाऊ दिला तरी बिघडत नाही, पण माती कोरडी ठणठणीत व्हायला नको.

घटपर्णीला हा नियम लावू नका. तिला ओल हवी, पण मुळांशी हवाही हवी. ताटलीत उभी ठेवली तर मुळं कुजतात. वरचा थर वाळत आला की वरून पाणी घाला आणि निथळू द्या. मेक्सिकोच्या पिंग्विक्युलाचं आणखी वेगळं: उन्हाळ्यात जेमतेम ओल, आणि हिवाळ्यात तिची पानं छोटी, जाड, चिकटपणा नसलेली झाली की पाणी जवळपास बंद.

कोणती माती घालावी?

नेहमीच्या अर्थानं मातीच नाही. बागेतली माती नको, गांडूळखत नको, तयार पॉटिंग मिक्स तर बिलकूल नको.

दलदलीतल्या झाडांसाठी स्फॅग्नम पीट (दलदलीत अर्धवट कुजून साठलेलं स्फॅग्नम शेवाळ) आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) निम्मं-निम्मं घ्या. पर्लाइटऐवजी धुतलेली सिलिका वाळूही चालते. समुद्राची वाळू खारट असते आणि बांधकामाच्या वाळूत बऱ्याचदा चुन्याचा अंश असतो, दोन्ही टाळा. घटपर्णीसाठी लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस, पर्लाइट आणि ऑर्किडसाठी मिळणारे सालीचे तुकडे असं भुसभुशीत मिश्रण करा.

घेताना पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा. काही कंपन्या पीटमध्ये आणि पर्लाइटमध्येसुद्धा आधीच खत मिसळतात. शोभेसाठी विकलं जाणारं गर्द हिरवं मॉस बहुतेकदा रंगवलेलं असतं आणि ते स्फॅग्नम नसतंच. कोरडं पीट पाणी झिडकारतं, म्हणून आधी कोमट पाण्यात मळून घ्या. पर्लाइट ओतताना नाकावर रुमाल बांधा आणि ते भिजवूनच हाताळा, त्याची धूळ फुप्फुसाला त्रास देते.

कोकोपीट चालेल ना? सहज मिळतं.

चालवणारे आहेत, पण त्यासाठी मेहनत लागते. नारळाच्या सोड्यांत सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. शुद्ध पाण्यात भिजवायचं, पिळायचं, निघालेलं पाणी मीटरनं मोजायचं, आणि आकडा खाली येईपर्यंत हेच करत राहायचं. ‘बफर केलेलं’ असं लिहिलेलं कोकोपीट घेऊ नका. त्याला कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया दिलेली असते, म्हणजे या झाडांना नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकदम. एवढं सगळं करण्यापेक्षा स्फॅग्नम मॉसची छोटी पिशवी आणावी, असं मला वाटतं. चार झाडांना लागतं किती?

अगदी थोडंसं खत? सेंद्रिय?

नाही. सेंद्रिय असलं तरी नाही. सराईत मंडळी घटपर्णीच्या घटात अत्यंत पातळ खत घालतात, पण तेही पानांत. मुळांशी कुणी घालत नाही.

कुंडी मातीची की प्लास्टिकची?

प्लास्टिकची, किंवा आतून-बाहेरून चकाकी दिलेली. साध्या भाजलेल्या मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात आणि भिंतीतून पाणी उडून क्षार साचतातही. फ्लायट्रॅपची मुळं झाडाच्या मानानं लांब असतात, त्याला निदान १० ते १२ सेंटिमीटर खोल कुंडी द्या. उन्हात ठेवणार असाल तर रंग फिकट निवडा. काळी कुंडी दुपारी हात लावू देत नाही, मग आतल्या मुळांचं काय होत असेल!

ऊन किती लागतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. फ्लायट्रॅप आणि सारासेनियाला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. ‘खोलीत उजेड भरपूर आहे’ हे माणसाचं मत झालं. आपले डोळे अंधाराशी जुळवून घेतात, पान घेत नाही. झाड स्वतःच सांगतं: ऊन पुरेसं असेल तर सापळ्याच्या आतली बाजू लाल होते, पानं बुटकी आणि ताठ राहतात. कमी पडलं की पानं लांब, लुळी, फिकट हिरवी होतात. (काही जाती मुळातच हिरव्या असतात, त्यांच्याकडून लालीची अपेक्षा नको.) दवबिंदूलाही भरपूर उजेड लागतो. घटपर्णी आणि पिंग्विक्युलाला पडद्याआडून आलेला उजेड किंवा सकाळचं कोवळं ऊन मानवतं.

खिडकीतून ऊन येत नसेल तर पांढरा एलईडी ग्रो लाइट झाडापासून वीतभर उंचीवर, रोज १२ ते १६ तास. टायमर लावा, नाहीतर विसरायला होतं.

नवीन झाड पहिल्याच दिवशी कडक उन्हात ठेवू नका. एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं सवय करा. तरीही जुनी पानं करपतील. ती सावलीत वाढलेली असतात. नवीन पानं उन्हाची तयारी करूनच येतात.

काचेच्या बंद बरणीत लावलं तर दमटपणा टिकेल ना?

टिकेल, आणि झाड शिजेल. बंद काचेवर तासभर ऊन पडलं की आतलं तापमान झाडाला सोसवेनासं होतं. सावलीत ठेवली तर उजेड पुरत नाही आणि बुरशी धरते. फ्लायट्रॅपला दमटपणाची फारशी गरजच नसते. माती ओली आणि ऊन भरपूर असेल तर साध्या हवेत तो मजेत राहतो. झाड प्लास्टिकच्या डबीत विकत मिळालं असेल तर झाकण आठवडाभरात थोडं थोडं उघडत जा, मग डबी काढून टाका. दमट हवेचा हट्ट खरा असतो तो घटपर्णीचा, पण तिलाही कोंदटपणा नको असतो.

बरं, आता सांगा, खायला काय द्यायचं?

झाड उघड्यावर असेल तर काही नाही, ते स्वतःचं बघतं. सारासेनिया तर एकेका उन्हाळ्यात इतक्या माश्या गिळतं की घट काठोकाठ भरून त्यावर तपकिरी डाग पडतात.

घरात असेल तर महिन्यातून एक-दोनदा एखाद्या सापळ्याला एक कीटक पुरे. सगळ्या सापळ्यांना एकदम भरवू नका. फ्लायट्रॅपसाठी कीटक सापळ्याच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको, कारण पाय बाहेर राहिला तर कडा नीट मिटत नाहीत आणि आतलं सडतं. मांसाचा तुकडा, चीज, उरलंसुरलं अन्न यातलं काहीही नको. त्यातली चरबी पचत नाही, आणि सापळा काळा पडून घाण वास येतो.

मेलेला कीटक टाकला तर सापळा मिटतो आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं उघडतो, अशी तक्रार बरेच जण करतात. त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. सापळ्याच्या प्रत्येक पाकळीवर साधारण तीन बारीक केस असतात. एकदा हललं तर सापळा फक्त नोंद घेतो. साधारण २० सेकंदांत दुसरा धक्का बसला तरच सेकंदाच्या दहाव्या भागात तो मिटतो. पावसाच्या एखाद्या थेंबासाठी उगाच मिटायला नको, म्हणून ही काळजी. पण तेव्हाही तो घट्ट बंद होत नाही, दात एकमेकांत अडकतात आणि फटी राहतात. अगदी बारका किडा त्यातून निसटतो. मोठा असला की आत धडपडतो, आणि ती धडपडही मोजली जाते. जर्मनीतल्या व्युर्ट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे पाच धक्के झाल्यावर पाचकरस बनवायची यंत्रणा जोरात सुरू होते. मेलेला किडा धडपडत नाही, मग झाडाचा समज होतो की आत पान-काडी पडली असेल. म्हणून सापळा मिटल्यावर तो बाहेरून दोन बोटांनी अगदी हलकेच, मिनिटभर चोळायचा. सापळा घट्ट मिटला की तुमचं काम झालं. पुढे पाच ते बारा दिवसांनी तो उघडतो आणि आत कीटकाचं वाळकं कवच उरलेलं असतं. ते वाऱ्यानं उडून जातं, नाही गेलं तरी चालतं.

दवबिंदू आणि पिंग्विक्युलाला कोरडे ब्लडवर्म, म्हणजे माशांचं खाद्य, पाण्यात भिजवून पानावर चिमूटभर ठेवता येतं. युट्रिक्युलेरियाला काही देऊ नका, ती मातीतले सूक्ष्म जीव शोधते.

पाहुणे आले की बोटानं सापळा मिटवून दाखवतो. चालेल?

एखादे वेळी कौतुक म्हणून ठीक. पण मिटणं आणि पुन्हा उघडणं यात झाडाची शक्ती जाते, आणि एका सापळ्याच्या आयुष्यात अशा खेपा मोजक्याच असतात. घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. मुलाला काही होत नाही, बोट सहज सुटतं. हाल होतात ते सापळ्याचे.

सापळे काळे पडतायत. झाड मरतंय का?

नवीन पानं येत आहेत का, ते आधी बघा. मधून हिरवा कोंब निघत असेल तर जुना सापळा काळा पडणं हे नेहमीचंच. तो दोन-चारदा मिटून-उघडून निवृत्त होतो. पूर्ण काळं झालेलं पान कात्रीनं काढा. मात्र मधला कोंबच काळा, मऊ पडला, किंवा एकामागून एक नवीन पानं उमलण्याआधीच करपली, तर पाणी मोजा, मुळं बघा आणि माती बदला. सापळे वेडेवाकडे, आखडलेले उगवत असतील तर पानांच्या बेचक्यात मावा शोधा.

हिवाळ्यात फ्लायट्रॅप सुकल्यासारखा दिसतो. जास्त पाणी घालू का?

नको, तो झोपला आहे. फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारी पट्ट्यातला, विल्मिंग्टन शहराच्या आसपासचा. तिथं हिवाळ्यात गोठवणारी थंडी पडते. दिवस लहान झाले की झाड पानं कमी करतं, उरलेली जमिनीला चिकटून पसरतात, सापळे आळसावतात. जमिनीखालचा पांढरा कंद जिवंत असतो. ही झोप तीन-चार महिन्यांची, साधारण ० ते १० अंश सेल्सिअस तापमानात. सारासेनियाचंही तसंच. या काळात माती नुसती दमट ठेवा आणि खायला देऊ नका.

झोप नाही मिळाली तर? एक वर्ष निघतं, कधी दोन. मग झाड खंगत जातं. जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथल्या लोकांची खरी अडचण ही आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे फ्रीज. झाड कुंडीतून काढा, मुळं शुद्ध पाण्यात धुवा, काळी पानं छाटा, पिळून घेतलेल्या ओलसर स्फॅग्नममध्ये कंद गुंडाळा आणि पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. दोन-तीन महिने तिथं राहू द्या. दर पंधरा दिवसांनी उघडून बघा, राखाडी बुरशी दिसली तर तो भाग काढून टाका. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी कचरा समजून फेकून देतं.

हे सगळं नको असेल तर केप दवबिंदू, घटपर्णी आणि मेक्सिकोची पिंग्विक्युला आहेतच. त्यांना थंडीतली झोप लागत नाही.

घटपर्णीला पानं येतात, घट येत नाहीत. का?

घट म्हणजे वेगळं फळ किंवा फूल नाही, पानाच्या टोकाला आलेल्या तंतूचा तो फुगवटा आहे. उजेड कमी, हवा कोरडी, किंवा मातीत पोषण जास्त, या तिन्हींपैकी काहीही झालं तर तंतू तसाच वाळतो. जागा बदलल्यावरही झाड रुसतं. जुने घट वरून वाळत येतात आणि पुढच्या दोन-तीन पानांना घट धरत नाहीत. तेव्हा पुन्हा जागा बदलू नका, थांबा. एक पान पूर्ण व्हायलाच कित्येक आठवडे लागतात.

घटातलं पाणी ओतून ‘स्वच्छ’ करू नका, तो पाचकरस आहे. प्रवासात सांडला असेल तर घट पाव भरेल इतकं शुद्ध पाणी घाला.

झाडाची जात विचारूनच घ्या. साधारण १००० मीटरच्या खाली वाढणाऱ्या जातींना दिवस-रात्र ऊब लागते. वरच्या डोंगरी जातींना रात्री १० ते १५ अंशांचा गारवा हवा, तो नाही मिळाला की त्या झुरत मरतात. बोर्निओच्या डोंगरांवरची नेपेंथिस लोवी तर घटाच्या झाकणावरचा गोड स्राव चाटायला येणाऱ्या चिचुंद्रीसारख्या प्राण्याची विष्ठाच घटात झेलते आणि त्यातून नत्र मिळवते. मांसाहार सोडून तिनं शौचालयाचा धंदा धरला म्हणायचं!

दवबिंदूवर दव नाही.

ऊन कमी पडतंय, नाहीतर हवा फार कोरडी आहे. नुकतंच घरी आणलं असेल तर आठवडा-दोन आठवडे द्या. पानांवर पाणी फवारू नका, चिकट थेंब धुऊन जातात.

फुलाचा दांडा आलाय. ठेवू की कापू?

फ्लायट्रॅप लहान किंवा अशक्त असेल तर दांडा पाच सेंटिमीटरचा झाला की कापा. बी धरण्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. कापलेला दांडा ओल्या स्फॅग्नममध्ये खोचला तर कधी कधी तळाशी नवीन रोपं फुटतात. झाड धडधाकट असेल तर एकदा फुलू द्या, साधी पांढरी फुलं असतात. दांडा सापळ्यांपासून इतका उंच येतो की परागीभवन करणारा कीटक आणि जेवण होणारा कीटक यांची गल्लत सहसा होत नाही.

केप दवबिंदूची फुलं मात्र स्वतःच बी धरतात आणि ते बी शेजारच्या प्रत्येक कुंडीत उगवतं. नको असेल तर दांडा वेळेत काढा. मी काढला नव्हता. आता माझ्या घटपर्णीच्या कुंडीतसुद्धा दवबिंदू आहेत.

कीटक खाणाऱ्या झाडाला कीड लागते?

लागते. मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी, सगळं लागतं. फ्लायट्रॅप किंवा सारासेनियावर मावा आला तर अख्खी कुंडी शुद्ध पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा, मावा गुदमरतो, झाड तगतं. पिठ्या ढेकणाला रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपा. साबणाचं पाणी आणि तेलाचे फवारे शक्यतो नको. चिकट पानांवर ते कायमचे बसतात.

घरातले डास-माश्या कमी होतील का?

नाही. खिडकीला जाळी लावा.

कुंडी कधी बदलायची? नवीन रोपं कशी करायची?

दर एक-दोन वर्षांनी, हिवाळा सरता सरता, झाड जागं होण्याआधी. पीट हळूहळू कुजून दाट होतं आणि क्षार साचतात, म्हणून झाड वाढलेलं नसलं तरी माती बदला. फ्लायट्रॅपच्या कंदाला बाजूनं पिल्लं फुटलेली असतात, ती मुळांसकट अलगद सोडवा. सारासेनियाचंही असंच. घटपर्णीला खोडाची छाटकलमं लागतात.

सगळ्यात गमतीचं केप दवबिंदूचं. एक निरोगी पान कापून झाकणाच्या डबीत शुद्ध पाण्यावर तरंगत ठेवा, उजेडात. महिन्या-दीड महिन्यात पानाच्या पाठीवर इवली रोपं दिसायला लागतात. पिंग्विक्युलाचं पान बुडापासून तोडून ओल्या मिश्रणावर नुसतं ठेवलं तरी पुरतं.

इंटरनेटवर निळ्या फ्लायट्रॅपचं बी दिसलं. घेऊ?

निळा फ्लायट्रॅप अस्तित्वात नाही. हिरवा, लाल, लालसर जांभळा, एवढीच मजल. फोटोत रंग भरलेला असतो आणि पाकिटात कशाचंही बी निघतं. खरं बी बारीक, काळं, चकचकीत असतं. तेही लावून मोठा सापळा पाहायला तीन-चार वर्षं जातात. सुरुवात रोपानंच करा.

रानात दिसलेलं झाड उपटून आणलं तर?

आणू नका. ते बहुधा जगत नाही, आणि कायदाही आडवा येतो. नॉर्थ कॅरोलायनात २०१४ पासून रानातला फ्लायट्रॅप चोरणं हा गंभीर गुन्हा आहे. मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही घटपर्णी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइटिस कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक परिशिष्टात आहे. बाकीच्या जवळपास सर्व घटपर्णी आणि फ्लायट्रॅप दुसऱ्या परिशिष्टात आहेत. रोपवाटिकेत कलमानं किंवा ऊतिसंवर्धनानं वाढवलेलंच रोप मागा. विकणारा ‘कुठून आणलं’ हे सांगायला टाळाटाळ करत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

पंधरा दिवस बाहेरगावी जायचंय. शेजाऱ्यांना काय सांगू?

काहीच सांगू नका, हेच बरं. दलदलीतली झाडं एका मोठ्या खोलगट ट्रेमध्ये एकत्र ठेवा, चार-पाच सेंटिमीटर शुद्ध पाणी भरा आणि ट्रे दुपारचं ऊन लागणार नाही अशा उजेडात सरकवा. घटपर्णीला निघण्याआधी भरपूर पाणी घालून निथळू द्या आणि तिलाही थंड कोपऱ्यात ठेवा. एवढ्यावर पंधरा दिवस निघतात. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावीच लागली तर शुद्ध पाण्याच्या बाटल्या भरून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवा: ‘फक्त यातलंच पाणी. खायला काहीही घालू नये.’